गोड बोलण्याची तालीम

कोट एकच होता. काळा, रेल्वेचा. बाईंचे यजमान तिकीट तपासनीस होते, ते गेल्यावर मागे राहिलेला. तो अंगात चढवला की बाई हवालदार होत, सरकारी दवाखान्यातला डॉक्टर होत, शाळेचा हेडमास्तर होत. आणि खिशातला कांदा काढून टेबलावर आपटला की न्यायाधीश होत. कांदा मुळात ऊन लागू नये म्हणून ठेवलेला. नागपूरचा मे महिना, सक्करदऱ्याच्या तळ्यावरून येणारा वारासुद्धा तव्यावरून आल्यासारखा, आणि ही साठी ओलांडलेली बाई जाड काळा कोट घालून ओसरीवर बसलेली. कोट खिळ्याला असला की त्या नुसत्या बाई. नुसत्या बाई फारशा बोलत नसत.

परवा त्यांच्या शोकसभेत एक गृहस्थ म्हणाले, बाई म्हणजे पीडितांच्या डोक्यावरची मायेची सावली. मी मागच्या रांगेत होते. उठून बाहेर आले. ओसरीवर आलेल्या प्रत्येक बाईला जिनं पहिल्या दिवशी हाकलून दिलं, तिच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं. पुढे कुणी स्मरणिका काढील, तीत आणखी असलं काहीबाही छापून येईल. त्याच्या आत मी लिहून टाकते.

हाकलणं हा पहिला धडा होता. एखादी बाई पायरी चढून आली, पदर सावरून उभी राहिली, की कोटातून आवाज यायचा, "काय पाहिजे? साहेब जेवायला गेले. उद्या ये." बहुतेक जणी "बरं जी" म्हणून खरोखर वळायच्या. मग बाई मागून ओरडायच्या, "चालली कुठे? उभ्या माणसाला सगळे 'उद्या ये'च म्हणतात. खुर्ची दिसत नाही का? आधी बूड टेकव, मग तोंड उघड."

त्यांचं सगळं कायद्याचं शिक्षण या एका वाक्यावर उभं होतं. मुलींच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं नागरिकशास्त्र शिकवलं होतं, आणि निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्या मुलींना राष्ट्रपतींचे अधिकार पाठ आहेत, पण रेशन दुकानदार हाकलतो तेव्हा काय बोलायचं ते माहीत नाही. हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. दुःखानं नव्हे, फसलेल्या भाजीबद्दल सांगावं तसं.

दर रविवारी दुपारी इतवारीतल्या धान्य निवडणाऱ्या, कोष्ट्यांच्या गल्लीतल्या, कुणाच्या घरी भांडी घासणाऱ्या अशा बायका त्यांच्या दोन खोल्यांच्या ओसरीवर जमायच्या. त्यांना कलमं सांगितली जात नसत. त्यांची तालीम होई. बाई हवालदार होऊन म्हणायच्या, "चल ठाण्यात, तुझी जबानी घ्यायची आहे." त्यावर समोरच्या बाईनं म्हणायचं, "जबानी घ्यायची तर घरी या. बाईमाणसाला ठाण्यात बोलावता येत नाही." बाई डॉक्टर होऊन म्हणायच्या, "कर सही इथं, लवकर, मागे रांग आहे." त्यावर म्हणायचं, "काय कापणार ते आधी सांगा, मग सही." पहिल्यांदा कुणाच्याच तोंडून आवाज फुटत नसे. बाई अजून जोरात ओरडत, आई-बाप काढत, म्हातारीलाही सोडत नसत. चौथ्या-पाचव्या रविवारी एखादी चिडून उलट ओरडली की बाई कोटाच्या आत समाधानानं खाकरत आणि म्हणत, "हं. आता जा दवाखान्यात."

मी तिथे गेले ते पत्रकं घेऊन. बायकांच्या हक्कांसाठीची आमची समिती इतवारीत एका भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर होती. खाली दिवसभर पितळ ठोकलं जाई आणि वर आम्ही सायक्लोस्टाइल यंत्रावर हात काळे करत क्रांती छापत असू. 'बहिणींनो, गुलामगिरीच्या शृंखला तोडा!' असं माझं एक पत्रक होतं. बाईंनी ते चष्मा लावून पूर्ण वाचलं. मग विचारलं, "पुढचा पत्ता दिला नाहीस. तोडायच्या कुठे जाऊन?" आणि सगळा गठ्ठा समोरच्या लंगड्या खुर्चीच्या पायाखाली सरकवला. खुर्ची डुगडुगायची थांबली. "कामाचं आहे," म्हणाल्या. त्या दिवसापासून मला हाक पडली ती 'ए छापखाना'.

मला त्यांचा राग यायचा. मोर्चे सोडून हे नाटक काय करत बसलीय म्हातारी, असं मी माडीवर उघड बोलत असे. पण जात राहिले. का ते आज सांगू शकते. माडीवर सगळे ओरडायचे, आणि सोमवारी सकाळी कुणाचंही काही बदललेलं नसायचं.

बाईंना एक नाद होता. कुठल्याही कचेरीत जाऊन नुसतं बसायचं. काम काही नाही. पोस्टात, नगरपालिकेत, बँकेत शिरायचं, रिकामी खुर्ची बघून बसायचं, कुणी विचारलं की पाणी मागायचं, पिऊन निघून यायचं. याला त्या 'मोडण' म्हणत. घोडा मोडतात तसं स्वतःला खुर्चीला मोडायचं. एकदा बायकांची अख्खी पलटण घेऊन त्या एका सरकारी कचेरीत घुसल्या. भिंतीकडेला खुर्च्या होत्या, त्यांवर धूळ होती. बायका सवयीनं दाराजवळ जमिनीवर बसायला लागल्या. शिपाई आला.

"ओ बाई, खुर्चीवर नका बसू."

"ही खुर्ची साहेबांची का?" बाईंनी विचारलं.

"नाही. साहेबांची आत आहे."

"मग ही कुणाची?"

"ही लोकांची."

"बरं. मग आम्ही कोण आहोत ते तू सांग. म्हणजे तसं बसतो."

शिपायानं खांद्यावरचं फडकं काढलं. मग त्यानंच धूळ पुसली. बाहेर आल्यावर बायका हसून बेजार. बाई हसल्या नाहीत. रिक्षात बसल्याबरोबर त्यांनी ओला पंचा डोळ्यांवर ओढला आणि सक्करदरा येईस्तोवर झोपल्या. त्या फार थकत. दर रविवारी तेच भांडण नव्यानं करायचं, आणि पुढच्या रविवारी पायरीवर आणखी एक "बरं जी" उभी. "विहीर उपसून राहिली मी, अन् झरा खालून चालूच आहे," असं त्या एकदाच म्हणाल्या.

गिरजा अशीच पायरीवर आली. कोष्ट्याची पोर, माहेर इतवारीकडे, सासर उमरेडला. नवऱ्यानं दुसरी आणली आणि जातपंचांपुढं काडीमोड केली. काडी मोडायची, दोन तुकडे दोन बाजूंना टाकायचे, नवरा-बायको मोकळे. तशी तिच्या जातीत रीत होती. गिरजा माहेरी आईकडे आली, धान्याच्या दुकानात निवडणं करू लागली. बरोबर तिची पोरगी होती, दिवाळीनंतर पाच पुरी करणार होती. आमची समिती काडीमोडीविरुद्ध पेटून उठली. मी घोषणासुद्धा तयार केल्या. बाईंनी कोट खिळ्याला ठेवून गिरजाला विचारलं, "तुला तो नवरा परत पाहिजे का?"

"नाई जी. त्याले काय करू? बरं झालं गेला तर."

"मग काय पाहिजे?"

"पोट्टी माह्याजवळ राह्यली पाह्यजे."

"ऐकलंस का, छापखाना? काडी मोडली ते मोडली. यांच्या रीतीला कायदा मानतो, तिथे डोकं फोडू नको. भांडण पोरीचं आहे."

भांडण असं होतं की पंचांनी पोरगी बापाच्या घरची ठरवली होती, आणि गिरजानं दिली नाही म्हणून नवऱ्यानं कोर्टात अर्ज केला होता. अर्ज त्याचा नुसता नावाला. खरा जोर सासूचा. घरी माग होता, सुताच्या कांड्या भरायला हात कमी पडत होते, पोरीची बोटं आता चालू लागली असती. कोर्टात मात्र कांड्यांचा उल्लेख नव्हता. तिथे 'आजीची माया' होती. कायदा गिरजाच्या बाजूचा होता. पाचाच्या आतलं लेकरू शक्यतो आईजवळ. पण पाच पुरी झाली की हा आधार ढिला पडणार, आणि कोर्टाच्या तारखा पोरीच्या वयापेक्षा हळू चालत होत्या. तिला शाळेत घालायचं म्हणून गिरजानं दप्तरसुद्धा शिवून ठेवलं होतं, धान्याच्या पोत्याचं.

बाईंनी तिची जशी तालीम घेतली तशी कुणाची घेतलेली मी पाहिली नाही. कांदा टेबलावर आपटून त्या विचारत, "खायला घालशील काय हिला? नवऱ्यानं टाकलेली तू!" गिरजा आधी रडायची. मग एक दिवस खुर्चीचे हात धरून म्हणाली, "टाकली नाई साहेब, काडी मोडली. अन् मी निवडनं करतो, मागून नाई खात. पोट्टी शाळेत जाईन. तथी उमरेडले कांड्या भरन." बाई आत गेल्या आणि तिच्यासाठी गुळाचा खडा घेऊन आल्या. गूळ मिळणं म्हणजे पास होणं.

कोर्टात न्यायाधीशांनी दोघांना चेंबरमध्ये बोलावलं. आमच्या ओळखीचा तरुण वकील बिनपैशाचं काम बघत होता. त्यानं मला 'सोबतची बाई' म्हणून आत घुसवलं. नवरा भिंतीला, सासू त्याच्या पुढे. गिरजा दारातून आत आली, ओठ घट्ट, डोळे खुर्चीवर. मला कळलं, ती बसायला निघालीय, न विचारता, शिकवलं तसं.

त्याआधीच न्यायाधीश म्हणाले, "बसा ना, बाळ. अरे, त्यांना पाणी द्या आधी. उन्हाच्या आल्यात."

वयस्कर गृहस्थ होते. खरोखर चांगले असावेत, हेच तर वाईट. गिरजा बसली. पाण्याचा काचेचा ग्लास तिच्या हातात आला. ते म्हणाले, "फार सोसलंत तुम्ही. मला पण मुली आहेत. भांडून कुणाचं भलं झालंय, सांगा बरं? पोरीला आजीकडे राहू द्या, सणावाराला तुम्ही भेटा, घरचं घरात मिटू द्या. ऐकाल ना माझं?"

गिरजानं ग्लास दोन्ही हातांत धरला. ती म्हणाली, "तुमी म्हनान तसं जी."

सासूनं डोळ्यांना पदर लावला. आमच्या वकिलानं सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला. ठरलं असं की तडजोडीचा कागद तयार करायचा, पुढच्या तारखेला गिरजानं कोर्टापुढं तो कबूल करायचा, मग पोरगी उमरेडला. तोवर पोरगी आईजवळ.

बाहेर व्हरांड्यात मी तिच्यावर तुटून पडले. इतके रविवार काय केलं, कशासाठी आलीस, असं सगळं. ती भिंतीला टेकून खाली बसली होती.

"ताई," ती म्हणाली, "मले जनमभर असं कोनी बोललंच नाई वं. त्याहिनं मले बस म्हनलं. पानी देल्लं. मंग कसं भांडू त्याहिच्यासंगं?"

आजही यावर मला संतापाशिवाय दुसरं काही सुचत नाही. ज्या देशात एका ग्लासभर पाण्यावर बाई आपलं लेकरू देऊन टाकते, तिथे तिला आधी कुणी किती पाणी पाजलं असेल याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

बाईंना सांगितलं तेव्हा त्या कोटात होत्या. ऐकता ऐकता त्यांनी तो काढला आणि खिळ्याला लावला. गिरजाला बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "चुकलं माझं. मी सगळे शिव्या देणारे केले. गोड बोलणारा केलाच नाही."

मग सांगितलं. वडील गेल्यावर रामदासपेठेतल्या घरात त्यांचाही वाटा होता. भावानं कागद पुढे केला तेव्हा तो आवाज चढवता तर त्यांनी वकील गाठला असता. तो म्हणाला, "ताई, घर तुझंच आहे गं. ही नुसती औपचारिकता." त्यांनी हक्कसोडीवर सही केली. नागरिकशास्त्र शिकवत होत्या तेव्हा. "तेव्हापासून 'घर तुझंच आहे' म्हणतो. म्हणून तर माझं राहिलं नाही."

पुढचा रविवार फजितीचा होता. बाई कोट घालून बसल्या आणि गिरजाशी गोड बोलायचा प्रयत्न करू लागल्या. "बस, बाळ," म्हणाल्या, ते असं वाटलं की आता हातकडी घालतील. बायका फिदीफिदी हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाई, तुमच्या तोंडून 'बाळ' म्हंजे कारल्यातून साखर." बाईंनी पुन्हा केलं. आणखी वाईट झालं. त्यांना खरंच जमत नव्हतं. आयुष्यभर न वापरलेली गोष्ट आयत्या वेळी कुठून काढणार?

तर मंगळवारी सकाळी त्या मला म्हणाल्या, "चल. रामदासपेठेत जायचं आहे. शिकायला."

इतकी वर्षं त्या घराच्या फाटकात त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. रस्ता तिकडून असला तर पलीकडच्या बाजूनं चालत. त्या दिवशी सरळ आत गेल्या आणि बैठकीतल्या सगळ्यात चांगल्या खुर्चीवर बसल्या. भाऊ धावतच बाहेर आला. गोरापान, धोतर, हसरा.

"ताई! ये गं, ये. उन्हाची आलीस. किती थकलीस गं तू! अहो, पन्हं आणा ताईला. एक निरोप धाडायचा होतास, गाडी पाठवली असती. काही करायचं नाही तू, मी आहे ना. घर तुझंच आहे हे."

बाई त्याच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं रडतायत. मग कळलं, त्या पाठ करत होत्या. तो कुठे थांबतो, कुठे मान कलती करतो, 'गं' केवढा लांबवतो. त्यांनी त्याला आणखी दोनतीन प्रश्न विचारले, केवळ तो बोलावा म्हणून. पन्हं पूर्ण प्याल्या. उठल्या. तो म्हणाला, "बस ना, काही काम होतं का?"

"झालं," बाई म्हणाल्या.

फाटकाबाहेर येऊन त्या पलीकडच्या बाजूला गेल्या आणि तिथल्या कडुनिंबाखाली जरा वेळ उभ्या राहिल्या. मी काही बोलणार तेवढ्यात म्हणाल्या, "पन्हं आईसारखंच करतात अजून."

त्या रविवारी कोटातून जो आवाज आला तो ऐकून ओसरीवरची कुणीच हसली नाही. "ये गं, बाळ. उन्हाची आलीस. किती थकलीस. तू काही करायचं नाही, मी आहे ना. पोरीला आजीकडे राहू दे, हं?" हुबेहूब. गिरजा म्हणाली, "हो जी." आणि तोंडावर हात दाबला. पुन्हा केलं. पुन्हा "हो". शिव्यांपुढं तिला महिना लागला होता, याला त्याहून जास्त लागणार असं दिसत होतं, आणि तारीख जवळ येत होती.

तिनंच मग विचारलं, "बाई, कोनी खरंच मायेनं बोल्लं, अन् कोनी फसवाले बोल्लं, हे वळखाचं कसं?"

बाईंनी कांदा हातात फिरवला. "नाही ओळखता येत. मला या वयात येत नाही, तुला कुठून येणार? ते न्यायाधीश तुला फसवत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्यानं तुला काय फरक पडतो? पोरगी गेली तर गेलीच ना. ओळखत बसू नकोस. काय पाहिजे ते घरून ठरवून जा. सुपारी धरतात तसं दाढेत धर. तो गोड बोलो, कडू बोलो, तू पाणी पी, आणि सुपारी तेवढी गिळू नकोस."

तारखेला तेच चेंबर, तीच माणसं, टेबलावर तडजोडीचा कागद. न्यायाधीश म्हणाले, "या, बसा. पाणी घ्या, बाळ." गिरजानं ग्लास घेतला. सगळं पाणी प्याली, सावकाश. ग्लास टेबलावर ठेवला. तिचा गाल आतून फुगलेला दिसावा इतकी ती काहीतरी दाढेत धरून बसली होती.

"कागद वाचून दाखवला ना तुम्हाला? मग कबूल आहे?"

"साहेब, तुमी बम चांगले हा," ती म्हणाली. "पन पोट्टी माह्याजवळच राहीन."

ते हसले. समजुतीनं बोलले. सणांचं बोलले, आजीच्या वयाचं बोलले. गिरजा ऐकत होती, मान हलवत होती, आणि शेवटी म्हणाली, "खरं हाय जी. पन पोट्टी माह्याजवळच राहीन." त्यांनी आणखी एकदा समजावलं. तिनं आणखी एकदा तेच म्हटलं. नजर रिकाम्या ग्लासकडे गेली, मला वाटलं आता जाते ही.

तेवढ्यात त्यांचा धीर सुटला. पेन टेबलावर टाकून म्हणाले, "मागच्या वेळी हो म्हणालात की! कोर्ट म्हणजे काय वाटतं तुम्हाला? खेळ आहे का?"

आणि मी पाहिलं, गिरजा खुर्चीत मागे टेकली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. चेहऱ्यावरचा ताण उतरला. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. ओसरीवर तिनं याला कितीदा हरवलं होतं.

"मागच्या बारीले तुमी मायेनं बोल्ले म्हून हो म्हनलं, साहेब," ती म्हणाली. "आता इचार करून सांगून राहिली. पोट्टी पाचाच्या आत हाय. कायदा माह्याकडून हाय. ती शाळेत जाईन. तथी नेली तर मागावर बसन. सासूले इचारा, कांड्या कोन भरते ते."

न्यायाधीशांनी सासूकडे पाहिलं. सासू लेकाकडे पाहू लागली. मग त्यांनी तडजोडीचा कागद बाजूला सारला आणि पुराव्यासाठी तारीख दिली.

निकाल म्हणावा असा निकाल लागलाच नाही. तारखा पडत गेल्या, दिवाळी होऊन गेली, पोरगी पाचाची झाली आणि पोत्याचं दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागली. उमरेडहून येणं-जाणं सासूला जड झालं. एक तारीख चुकली, दुसरी चुकली. अर्जदार हजर नाही म्हणून अर्ज निकाली. जिंकणं म्हणतात ते असं असतं. समोरचा कंटाळेपर्यंत बसून राहायचं. आमच्या पत्रकांत हे कधी छापलं नाही.

तोवर आमची माडी रिकामी होत चालली होती. एकाला बँकेत नोकरी लागली, एक लग्न होऊन रायपूरला गेली, उरलेल्यांची दोन गटांत भांडणं. एका रविवारी सकाळी शेवटची बैठक झाली आणि ती शिव्यांनी संपली. यंत्र कुणाकडे राहणार यावरून. मी उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा सायकलला बांधून भर उन्हात सक्करदऱ्याला आले. ओसरी भरलेली होती. नव्या बायका होत्या, गिरजा पोरीला घेऊन आली होती, आता तीच नवीन बायकांना खुर्चीत बसवत होती.

मी गठ्ठा पायरीवर ठेवला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या रामदासपेठेच्या आवाजात म्हणाल्या, "ये गं. उन्हाची आलीस. किती थकलीस तू. आज राहू दे, मी बघते सगळं. घरी जाऊन झोप जा."

इतक्या वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी "बरं बाई" म्हणाले आणि वळले. एक पायरी उतरलेसुद्धा.

मागे हशा फुटला. "ताई, फसल्या वं तुमी!" गिरजा टाळी देऊन म्हणाली. "गिळली सुपारी!" नव्या बायकाही हसायला लागल्या, पोरगीही. मग मलाही हसू आलं. परत आले, लंगड्या खुर्चीवर बूड टेकवलं आणि ठासून सांगितलं, "नाही जात, बाई. बसली आहे."

बाई तेवढ्या हसत नव्हत्या. ओला पंचा हातात घेऊन माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या अंगावर नुसतं पातळ होतं. मी भिंतीकडे पाहिलं. कोट खिळ्याला होता.

त्यांनीही तिकडे पाहिलं. मग उठल्या, खिळ्यावरून कोट काढला, एकेक बाही सावकाश अंगात घातली, कांदा चाचपला.

"ए छापखाना," म्हणाल्या, "ऊठ तिथून. ती खुर्ची लोकांची आहे."